चौदापैकी तीन

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्याचं वय ३६, लहानपण उत्तर नागपुरातलं, आता मनीषनगरला फ्लॅट आणि मिहानमध्ये आयटीची नोकरी. जुन्या मोहल्ल्याचा एक छोटा फुटबॉल क्लब आहे, जिल्हा लीगमध्ये खेळतो, बहुतेक मॅचेस मोतीबागेच्या मैदानावर. आठवीपासून हा मॅचेस बघतो, दोन सीझन त्याच क्लबकडून लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) म्हणून होता, जास्त करून बेंचवर. मागच्या वर्षी टीम खालच्या डिव्हिजनला गेली. यंदा १४ पैकी ३ मॅचेसनाच जाणं झालं, कारण मॅच बहुतेक असते आठवड्यातल्या दिवशी दुपारी साडेतीनला आणि घरी चार वर्षांची मुलगी. एकदा दात दुखतो सांगून हाफ डे घेतला आणि मॅनेजरला मैदानावरचा फोटो दिसला. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका सीनियर दादानं लिहिलं, "जिंकताना सगळेच येते, हरताना कोण येऊन राहिलं ते दिसून राहिलं." नाव घेतलं नाही, पण रोख कळला. शनिवारी रात्री मित्रांसोबत कॅफेत टीव्हीवर आर्सेनल या इंग्लंडच्या क्लबची मॅच बघतो, त्याचंही मनाला लागतं. विचारतो, "ताई, मी बेईमान झालो का? ग्रुप सोडून देऊ, की कसंही करून परत सगळ्या मॅचेस सुरू करू?"

दाताचं वाचून आधी हसले, खोटं कशाला बोलू. मग पत्र परत वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट दिसली जी लिहिताना तुझ्या लक्षात आली नसणार. (तू म्हणते हं तुला, ताई लिहिलंस म्हणून.) १४ आणि ३ हे आकडे तू मला तीन वेळा सांगितलेस. कोणत्या मॅचला पोरीला ताप होता, कोणत्या मॅचला ऑफिसचं रिलीज होतं, कोणत्या मॅचला गाडी पंक्चर झाली, सगळं तारखेसकट लिहिलंस. पण ज्या तीन मॅचेस बघितल्यास त्यात गोल कोणी मारला, ते नाही. अख्ख्या पत्रात एकाही खेळाडूचं नाव नाही. कडुनिंबाखालच्या चहावर मात्र चार ओळी आहेत, तो चहावाला आता कप केवढासा करून बसलाय इथपर्यंत.

म्हणजे बाबू, तू हजेरीपट लिहून पाठवलास मला. शाळेत बाई हाक मारायच्या आणि आपण "हजर" म्हणायचो तसा.

मी त्या मैदानाजवळच वाढले. बाबा रेल्वेत, क्वार्टर मोतीबागला, आताचं ते नॅरो गेजचं म्युझियम २००२ चं, आमच्या वेळी ते नव्हतं. उन्हाळ्यात आई अंगणात खाटेवर उडदाचे पापड वाळत घालायची आणि कितीही आडोसा केला तरी दिवसातून एकदा तरी बॉल त्यावर यायचाच, मग एखादा पोरगा कुंपणावरून उडी मारून येणार, "काकू सॉरी" म्हणणार आणि बॉलसोबत अर्धा ओला पापड तोंडात घालून पळणार. मॅच असली की बाबा ड्यूटीवरून येताना लाईनजवळ सायकल टेकवून उभे राहायचे, किती झाले विचारायचे, पंधरा-वीस मिनिटं बघायचे, कोणाला तरी एक शिवी घालायचे आणि घरी. पूर्ण नव्वद मिनिटांच्या मॅचेस त्यांनी आयुष्यात फार तर दहा पाहिल्या असतील. पण टीम कोणती असं कोणी विचारलं की उत्तर एकच यायचं, अगदी शेवटच्या आजारपणातही. त्यांना कोणी बेईमान म्हटलं नाही, कारण तेव्हा ग्रुप नव्हता.

हे हजेरीचं माप आणलं कुठून आपण? मला वाटतं टीव्हीवरून. तिकडच्या स्टेडियममध्ये बाप-आजोबापासून एकाच खुर्चीवर बसणारी माणसं दाखवतात, सीझन तिकीट, मफलर, बर्फात उघड्या अंगानं गाणी, आणि आपल्याला वाटतं की खरा फॅन म्हणजे हाच. अरे पण त्यांच्या मॅचेस बहुतेक शनिवारी-रविवारी असतात! आपल्याकडे बुधवारी साडेतीनला नागपूरच्या उन्हात मॅच ठेवायची आणि मग पब्लिक का नाही म्हणून रडायचं. त्या वेळेला येऊ शकतात ते रिटायर्ड, कॉलेजची पोरं, शिफ्टवाले आणि दात दुखणारे.

भारताच्या टीमचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्री, त्याचं आठवतं का तुला, २०१८ चं? मुंबईत अंधेरीला इंटरकॉन्टिनेंटल कप होता, भारतानं चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं जेमतेम अडीच हजार. त्यानं दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला, हात जोडून, की या, शिव्या द्यायला या, टीका करायला या, पण स्टेडियममध्ये या. ४ जूनला केनियाविरुद्ध सगळी तिकिटं संपली, पाऊस कोसळत होता तरी लोक बसून होते, त्याची ती शंभरावी मॅच होती आणि त्यानं दोन गोल मारले. सगळ्यांना हा किस्सा आवडतो, मलाही आवडतो. पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात, की त्यानं विनंती केली होती. आधी कुठे होतात म्हणून जाब नव्हता विचारला. तुमच्या दादानं नेमकं उलटं केलं, आणि असे टोमणे मारून एकही माणूस मैदानावर आलेला मी बघितला नाही, ग्रुपमधून गेलेले बरेच बघितले.

आता तुझ्या बाजूनं एवढं बोलले तर थोडं उलटंही ऐक.

आर्सेनलच्या स्टेडियममध्ये साठ हजार लोक बसतात. तू कॅफेत न जाता झोपलास तर तिथे कोणाला काही फरक पडत नाही, खुद्द कॅफेवाल्यालाही एका कोल्ड कॉफीचाच पडतो. मोहल्ल्याच्या क्लबचं तसं नाही. तिथे लाईनजवळ चाळीस माणसं उभी असतात, त्यातला एक कमी झाला की दिसतो. कीपरला दिसतो, लाईन्समनला दिसतो, चहावाल्याला तर पहिला दिसतो. हेच छोट्या क्लबचं ओझं आहे आणि मजाही त्यातच आहे, की जगात एक जागा अशी आहे जिथे तू आला नाहीस तर "तो काहून नाही आला बे" असं कोणीतरी विचारतं. मिहानच्या ऑफिसात तू तीन दिवस गेला नाहीस तर तुला सिस्टिमचा मेल येईल. म्हणून "मी गेलो न गेलो काय फरक पडतो" असं स्वतःला सांगून मोकळा होऊ नको, फरक पडतो. बेईमानी नाही, पण फरक आहे.

आणि दुसरं. तू लिहिलंस की घर आणि पोरगी यामुळे जमत नाही. पण त्याच पत्रात खाली लिहिलंस की बायको म्हणाली, "जा ना, कोण अडवून राहिलं तुम्हाला." मग मला सांग, तुला खरंच कोण अडवून राहिलं? नोकरी, बरोबर. दुपारी साडेतीनची वेळ, तेही बरोबर. पण ज्या रविवारच्या दोन मॅचेस होत्या त्यांनाही तू गेला नाहीस, हे तूच लिहिलंस, कारण न देता. मला वाटतं, चुकत असेन तर सोडून दे, की तुला कंटाळा आलाय. टीम हरते, खालच्या डिव्हिजनला खेळ म्हणजे बॉल वर आणि माणसं खाली, अर्धी पोरं नवीन, तुझ्यासोबतचे कोणी पुण्याला कोणी दुबईला. आणि कंटाळा आला असं म्हणायची लाज वाटते म्हणून पोरीचा ताप मधे आला. कंटाळा येणं गुन्हा नाही रे. लग्नात येतो, भजनात येतो, फुटबॉलमध्ये का नाही येणार. फक्त त्याला पोरीचं नाव देऊ नको, ती बिचारी तिच्या नावावर काय काय खपतंय हे न कळता खेळून राहिली असेल.

कंटाळा असेल तर प्रश्नच वेगळा होतो. सगळ्या मॅचेसना जाणं हे त्यावर औषध नाही, उलट वर्षाच्या शेवटी तू क्लबचा राग करायला लागशील. आणि खोटे दात तर अजिबात नको. नोकरी गेली तर क्लब ईएमआय भरणार नाही, आणि तुझ्या मॅनेजरला आता तू जो काही आजार सांगशील तो फुटबॉलचाच वाटणार. त्याला सरळ जाऊन सांग की महिन्यात एक हाफ डे मला माझ्या टीमच्या मॅचसाठी पाहिजे, तारीख आधी देतो. नाही म्हणाला तर नाही म्हणाला. पण माझ्या अनुभवात क्रिकेटच्या फायनलला अख्खा फ्लोअर सोडणारे मॅनेजर असतात, त्यातल्या एखाद्याला फुटबॉलही कळू शकतो.

ग्रुप सोडायचा का? सोडू शकतोस. मी "कधीच सोडू नको" छापाची सल्लागार नाही. काही लोकांचं क्लबशी नातं खरंच संपतं, वीस वर्षं झाली, पुरे झालं, आणि मग सगळ्यांना नमस्कार लिहून जावं, गुपचूप "लेफ्ट" होऊ नये. पण तुझं संपलेलं दिसत नाही. संपलं असतं तर एका वाक्यासाठी तू मला एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

आणि क्लब बंद पडेल ही जी तुला भीती आहे ना, तिच्याबद्दल. क्लब बंद पडतात, महाराष्ट्रात तर आपण बघितलेत. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली होती, २०११ ला टीम बंद. एफसी पुणे सिटी २०१४ ला आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये आली, २०१९ ला गुंडाळली, तिची जागा हैदराबादला गेली. तिथे फॅन होते, ढोल होते, झेंडे होते, पोरं रडली. पण कोणा एकानं हाफ डे घेतला नाही म्हणून ते क्लब गेले नाहीत, वर बसलेल्यांनी हिशोब करून शटर खाली ओढलं. मोहल्ल्याच्या क्लबला असा मालकच नसतो, म्हणून त्याला कोणी एका मीटिंगमध्ये बंद करू शकत नाही. तो वेगळ्या पद्धतीनं मरतो. जो माणूस बॉलची जाळी खांद्यावर टाकून येतो, जर्सी घरी नेऊन धुतो, पोरांच्या आईला फोन करून "आजचा दिवस सोडा ना काकू" म्हणतो, तो माणूस एके दिवशी थकतो. दुसरा कोणी ती जाळी उचलत नाही. संपलं.

तर तुमच्या क्लबमध्ये ती जाळी सध्या कोणाच्या खांद्यावर आहे? मला दाट संशय आहे की त्याच दादाच्या. पन्नाशीचा माणूस लाईनजवळ उभा आहे, टीम ४-० नं मागे, बाजूला बोलायला कोणी नाही, घरी आल्यावर पाय दुखतात आणि फोन हातात. ते वाक्य परत वाच. "कोण येऊन राहिलं ते दिसून राहिलं." मला त्यात टोमणा आठ आणे आणि एकटेपणा आठ आणे दिसतो. त्याला ग्रुपवर उत्तर टाइप करू नको, खालून अंगठे आणि हसणारे चेहरे येतील आणि विषय नासेल. फोन कर. फोनवर सफाई देऊ नको, पोरगी-रिलीज-पंक्चर काही सांगू नको, एवढंच विचार की दादा, काय काय करावं लागून राहिलं तुम्हाला एकट्याला. शिव्या पडल्या तर खा. आणि तो नुसताच खडूस निघाला तर तेही कळेल, मग त्याच्या वाक्याचं वजन तेवढंच धर.

इथे तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठीही सांगते, कारण अशी पत्रं मला कबड्डीवाल्यांची आली, नाटक ग्रुपवाल्यांची आली, एकदा तर भजनी मंडळाचं आलं होतं. बघायला जाणं ही मदतीची एक तऱ्हा झाली, आणि नोकरीवाल्याला तीच सगळ्यात महाग पडते. बर्लिनचा युनियन नावाचा क्लब आहे, त्यांचं स्टेडियम मोडकळीला आलं, पैसे नव्हते, तर २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त फॅन स्वतः सिमेंट-लोखंड करायला आले, मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास काम झालं, आणि २०१९ ला तोच क्लब बुंडेसलीगात, जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला. तुला मोतीबागेत सिमेंट कालवायला नाही सांगत. पण आजकाल जिल्ह्याच्या लीगमध्येसुद्धा खेळाडूंचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन असतं, आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो, ट्रान्सफर, आणि एका पोराच्या आधारवर एक स्पेलिंग तर दाखल्यावर दुसरं. हे काम कोण करतं तुमच्याकडे? आयटीवाला माणूस आहेस तू. पोरगी झोपल्यावर रात्री अकराला लॅपटॉपवर बसून ते तू करू शकतोस, त्याला साडेतीन वाजता मैदानावर असावं लागत नाही. नाही तर मॅचचे रिझल्ट, गोल कोणी मारले, दोन फोटो, एवढं नीट टाकायचं. अशा लीगच्या मॅचला पेपरात दोन ओळी मिळाल्या तर नशीब, आणि सतरा वर्षांच्या पोराला आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं बघून काय वाटतं हे तू बेंचवर बसलेला माणूस, तुला मी काय सांगू.

पैसे द्यायचे तर ठरवून महिन्याचे थोडे दे, बर्फ, क्रेप बँडेज, स्टड तुटलेले बूट, यातच जातात ते. पण खजिनदार होऊ नको हं, दोस्तीतला हिशोब हा फुटबॉलपेक्षा जास्त क्लब फोडतो.

आणि मॅचेस पाच निवड. पुढच्या सीझनचं वेळापत्रक आलं की पाच निवडायच्या, त्यात रविवारच्या दोन्ही, आणि दादाला आधी सांगून टाकायचं की या पाचला मी येतो. सांगितलेल्या पाच म्हणजे पाच. न सांगता चुकवलेल्या अकरापेक्षा त्या बऱ्या. गाडीच्या पंक्चरचा विषयच संपवायचा तर खापरीहून मेट्रोची ऑरेंज लाईन सरळ कडबी चौकाला येते, मधे बदलायचं काम नाही, तिथून चालत जा. अर्धीच मॅच मिळाली तर अर्धी बघ, माझ्या बाबांसारखी.

पोरीला एखाद्या रविवारी घेऊन जा, पण पूर्ण मॅचचा हट्ट नको. टोपी, पाण्याची बाटली, दुपट्टा, आणि आधी बाथरूमचं काय ते विचारून ठेव. बायकोनं सोबत यावं असं वाटत असेल तर ते दुप्पट आधी विचारून ठेव, बायका मॅचला का येत नाहीत यावर पुरुष मोठमोठ्या गप्पा मारतात आणि कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. चार वर्षांच्या पोरीला ऑफसाइड कळणार नाही, तिला कोपऱ्यातला झेंडा आवडेल आणि कुत्रा आवडेल, मैदानावर कुत्रा असतोच. तिला क्लबची वारसदार वगैरे बनवायला घेऊ नको आत्ताच.

आर्सेनलचं तर मला कळलंच नाही की त्यात गिल्ट कसलं. इंग्लंडची सगळ्यात लवकरची मॅचसुद्धा आपल्याकडे संध्याकाळी पाचला सुरू होते, हिवाळ्यात सहाला. आपली साडेतीनची मॅच तेवढ्यात उरकत आलेली असते. वेळेचं भांडण नाही, मग मनाचं कशाला? उलट कॅफेतल्या त्या चार-पाच जणांना एका रविवारी मोतीबागला ओढून आण. हसतील, पासिंगला नावं ठेवतील, ठेवू दे. त्यांनी कधी बॉल पायाला लागल्याचा आवाज जवळून ऐकला नसेल, टीव्हीत तो वेगळाच येतो. दोघं परत आले नाहीत तरी एखादा येईल. आणि त्यांना बर्डीला नेऊन तर्री पोहे खाऊ घाल, सकाळची मॅच असेल तर आधी, दुपारची असेल तर काही इलाज नाही, समोसा.

पुढची मॅच गुरुवारी आहे असं तू लिहिलंस, आणि गुरुवारी तुला ऑफिस आहे. जाऊ नको. बुधवारी रात्री दादाला फोन कर आणि शुक्रवारी स्कोअर विचार, नुसता स्कोअर नाही, कोण कसं खेळलं ते सगळं. आणि हो, तुझ्या जागेवर आता लेफ्ट बॅकला कोण खेळतो, त्याचं नाव काय, डावा पाय चालतो का त्याचा, हे मला कळव. तू बहुतेक सांगू शकणार नाहीस म्हणूनच विचारते आहे.